गजभिये काकांचा उंबऱ्यावरचा प्रश्न

गजभिये काका कुणाच्याही दारात उभे राहिले, की समोरच्याने "या, या" म्हणायच्या आत विचारायचे, "घरात बंदूक आहे का?"

आवाज अगदी साधा. 'वर्तमानपत्र आलं का' असं विचारावं तसा. नाही म्हटलं की बूट काढून आत. आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, "कुलुपात आहे का? किल्ली कुठे असते?" उत्तर पटलं नाही, तर हातातला डबा यजमानाच्या हातात द्यायचे आणि "बरं, जेवा तुम्ही" म्हणून माघारी वळायचे. टेक्सासमधल्या प्लेनो शहरातल्या आम्हा मराठी मंडळींना याची सवय झाली होती. अमेरिकनांना नव्हती. एकदा आमच्या बॉसच्या घरी बार्बेक्यू होता. काकांनी बॉसच्या बायकोला दारातच विचारलं. तिला वाटलं यांना हौस आहे. तिने मोठ्या कौतुकाने त्यांना गॅरेजमध्ये नेऊन काचेच्या कपाटात ओळीने लावलेल्या रायफली दाखवल्या. काका माझ्या गाडीतून आले होते, त्यामुळे परत जाता येईना. सगळी दुपार त्यांनी भाजलेलं कणीस हातात घेऊन बाहेर ड्राइव्हवेवर, टेक्सासच्या उन्हात काढली. जाताना बॉसच्या बायकोला म्हणाले, "व्हेरी नाइस कॉर्न."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी टेक्सासला आलो, तेव्हा काका आमच्या टेलिफोन कंपनीत जुने झाले होते. मूळचे नागपूरचे. टेलिफोनची मोठमोठी यंत्रं कधी आणि कशी बंद पडतील हे आधीच शोधून काढणं, हे त्यांचं काम. म्हणजे पगारी अपशकुनीच म्हणा ना. मीटिंगमध्ये आम्ही तरुण इंजिनियर म्हणायचो, की हा पार्ट बिघडायची शक्यता नगण्य आहे. काका चष्म्यावरून बघायचे. "नगण्य म्हणजे शून्य का?" "शून्य नाही, पण..." "शून्य नाही ना? मग झालं." तिथे मीटिंग संपायची आणि आमचा वीकेंडही.

बायको, सुमन, वारलेली, मूलबाळ नाही. पण सगळ्यांच्या घरची मुलं मोडकी खेळणी घेऊन त्यांच्याकडे जायची. काका सोल्डरिंग करून मोटारी चालत्या करायचे, बाहुल्यांना पुन्हा रडायला लावायचे. फक्त खेळण्यातली बंदूक कुणी आणली, की उलटसुलट करून बघायचे आणि परत द्यायचे. "हिचं काही बिघडलं नाही. आवाज होत नाही ना? चांगलं आहे."

काका बौद्ध. आम्ही कुणाकडे गणपतीला किंवा सत्यनारायणाला जमलो आणि आरतीची वेळ झाली, की ते हळूच उठायचे. "माझं ते नाही, भाऊ. तुमचं होऊ द्या." कडवटपणा अजिबात नाही. आत आमचा टाळ्यांचा गजर चालू असताना ते बाहेर जिन्याच्या पायरीवर बसायचे आणि दाराशी पडलेला चपला-बुटांचा ढिगारा जोडीजोडीने लावून ठेवायचे. जिन्यावरून आतली लहान मुलं दिसायची. ती बघत ते हसत असायचे.

आता अजित जाधव. अजित कोल्हापूरचा. भरदार मिश्या, मोठं मन आणि त्याहून मोठा आवाज. आमच्यात काकांवर सगळ्यांत जास्त जीव त्याचा आणि भांडण पण त्याचंच. टेक्सासमध्ये तेव्हा साध्या माणसाला पिस्तूल लपवून जवळ बाळगायचा परवाना द्यावा की नाही, यावर रान उठलं होतं. टीव्हीवर तेच, ऑफिसच्या कॅफेटेरियात तेच आणि आपापले डबे घेऊन जमायच्या आमच्या पॉटलकमध्ये भाताची वाफ जिरायच्या आत तेच.

"काका, माझ्या मागच्या गल्लीत घर फोडलं," अजित म्हणायचा. "बाई आत झोपलेली. पोलिसांना फोन करून काय करायचं? वाट बघत बसायचं? चोराला चहा टाकायचा?"

"नसलेली बंदूक सुटत नाही, अजित."

"नसलेली बंदूक वाचवत पण नाही की!"

"तू घरात आणली, तं ती चोवीस तास घरात राहणार. चोर येऊन येऊन कितीदा येणार? बाकीचा वेळ ती कोणासोबत राहून राहिली? तुझ्या पोरांसोबत."

"मी येडा आहे का काका? मला अक्कल आहे की नाही?"

"आहे. पण चूक व्हायची शक्यता शून्य आहे का?"

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं. जो शेवटचा बोलेल त्याचं जास्त. एका भांडणात मात्र अजितचा तोल गेला आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हाला ना पोर ना बाळ. घर सांभाळणं म्हणजे काय ते तुम्हाला काय कळणार!" काकांनी आपलं ताट धुऊन ठेवलं आणि निघून गेले. त्यानंतर बरेच महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. हळूहळू बाकीच्यांनीही काकांना बोलावणं कमी केलं. माणूस चांगला आहे हो, पण दारात उलटतपासणी कोण देणार? शनिवारी संध्याकाळी आम्ही कुणाच्या ना कुणाच्या घरी असायचो. काका कुठे असतील, हा विचार आमच्या मनात येतच नसे.

म्हणून त्या वर्षीच्या दसऱ्याला अजितने स्वतः फोन करून काकांना जेवायला बोलावलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. सण आठवड्याच्या मधे आला होता, पण आमचे सगळे सण शनिवार-रविवारीच यायचे. त्यामुळे खंडेनवमी शनिवारी आणि दसरा रविवारी दुपारी, असं अजितने परस्पर ठरवून टाकलं होतं. काकांसाठी दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. पांढराशुभ्र शर्ट घालून, सांभारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, डबा घेऊन ते दारात उभे राहिले. अजितने दार उघडलं.

"घरात बंदूक आहे का?"

"नाही, काका," अजित म्हणाला. "या."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसेच उभे राहिले आणि बूट काढून आत आले.

जे आम्हाला नंतर कळलं, ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. अजितने पिस्तूल घेतलं होतं, उन्हाळ्यातच. एरवी ते कपाटाच्या वरच्या खणात कुलपात असे. पण जाधवांच्या घरी खंडेनवमीला पिढ्यान्‌पिढ्या तलवारीची पूजा. तलवार विमानातून आणता येत नाही, म्हणून आजवर अजित स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि गवत कापायचं यंत्र पुजून वेळ भागवायचा. यंदा पहिल्यांदाच घरात खरं शस्त्र होतं. पठ्ठ्याने शनिवारी ते बाहेर काढलं, पुसलं, गोळ्यांचं मॅगझीन काढून कुलपात ठेवलं आणि पिस्तूल देवापुढे पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. कोल्हापूरला आईला फोन केला. आई म्हणाली, मांडलेलं शस्त्र दसऱ्याची पूजा होईस्तोवर हलवायचं नाही. अजितने हलवलं नाही. त्यावर चोळीच्या कापडाचा एक खण झाकला आणि दार लोटून घेतलं. देवघर होतं वरच्या मजल्यावर, गेस्टरूमच्या कपड्यांच्या कोठडीत, कारण घरात तेवढ्याच ठिकाणी उदबत्ती लावली तरी स्मोक अलार्म बोंबलत नसे. अजितची बायको शुभदा दोन दिवस स्वयंपाकात बुडालेली. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आणि तिनेच मुलांना सांगितलं, "जा, आधी बाप्पाला नमस्कार करून या. मग गुलाबजाम."

मुलं धडधडत वर गेली. अजितचा सहा वर्षांचा रोहन, चार वर्षांची सई आणि आमची केतकी, सात वर्षांची. अजित तेव्हा बाहेर गॅसवर पुऱ्या तळत होता. त्याने ते ऐकलंच नाही. पुऱ्यांची परात घेऊन तो आत आला, तेवढ्यात सई एक-एक पायरी उतरत खाली आली आणि शुभदाचा पदर ओढून म्हणाली, "आई, बाप्पा हॅज अ गन."

बायका हसल्या. शुभदा खाली वाकून म्हणाली, "हो सोन्या. देवाच्या हातात शस्त्रं असतात. देवीच्या तर किती हातात असतात!"

मीही हसलो. हसले नाहीत ते फक्त काका. ते अजितच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. अजितच्या हातातली परात तिरकी झाली होती आणि पुऱ्या एकेक करून कार्पेटवर पडत होत्या.

"नो, आई," सई म्हणाली. "रोहन इज होल्डिंग इट."

अजित परात टाकून जिन्याकडे धावला. ओरडायला त्याने तोंड उघडलं, तोच काकांनी त्याला छातीवर हात देऊन अडवलं. एवढासा किडकिडीत माणूस, पण अजित जागच्या जागी थांबला.

"आवाज नको," काका हळू म्हणाले. "पोट्टं दचकलं की मूठ आवळते. माझ्या मागून ये. भरलेली आहे का?"

"नाही... मॅगझीन काढलंय."

"नळीत एखादी गोळी राहिली असायची शक्यता शून्य आहे का?"

आम्ही तिघं वर गेलो. जिना नेहमीचाच होता, पण तो संपेचना.

गेस्टरूमचं दार उघडं होतं. केतकी परकर-पोलक्यात भिंतीला टेकून उभी. दोन्ही हात वर, आणि हसत होती. "डोन्ट शूट, ऑफिसर!" समोर रोहन. सिल्कच्या कुडत्याच्या बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हातांनी पिस्तूल धरलेलं, टीव्हीवर धरतात तसं. त्याच्या बोटांना कुंकू लागलं होतं. नळीचं तोंड माझ्या लेकीकडे. मला ओरडायचं होतं आणि ओरडायचं नाही एवढंच कळत होतं.

काका घाई न करता आत गेले, जसं काही ते काहीच पाहत नव्हते. चालत चालत केतकीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि गुडघे मोडून मुलांच्या उंचीएवढे झाले. आता नळी त्यांच्या पांढऱ्या शर्टासमोर होती.

"चला पोट्टेहो," ते म्हणाले, "आरती!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत ज्या माणसाने आमच्या एका आरतीला टाळी वाजवली नव्हती, तो भसाड्या आवाजात आरती म्हणू लागला. शब्द बहुतेक चुकीचे. गणपतीच्या आरतीत मधेच विठोबा, मग नुसतंच आ-आ-आ. पण ठेका बरोबर होता. आमच्या मुलांना मराठी धड येत नसलं, तरी आरती लागली की टाळ्या वाजवायच्या, हे मात्र पाळण्यात असल्यापासून अंगात भिनलेलं होतं. जिन्यावर बसून काकांनी ते इतकी वर्षं बघितलेलं होतं. केतकी लगेच टाळ्या वाजवू लागली. रोहन गोंधळला. त्याने काकांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"दोन्ही हातांनी, रोहन," काका तालातच म्हणाले. "बाप्पाची वस्तू बाप्पापाशी ठेव. जशी होती तशी."

रोहन वळला, कोठडीत दोन पावलं गेला, पिस्तूल पाटावर ठेवलं, वर खणसुद्धा झाकला. मग बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागला.

काका थांबले नाहीत. आरती म्हणत म्हणत त्यांनी दोन्ही मुलांना पंखाखाली घेतल्यासारखं दाराबाहेर काढलं आणि पॅसेजमध्ये येऊन शेवटपर्यंत म्हटली. मीही टाळ्या वाजवत होतो. आत अजितने पिस्तूल उचललं आणि सरकपट्टी मागे ओढली. मॅगझीन काढूनही नळीत राहिलेली एक गोळी बाहेर पडली आणि झेंडूच्या फुलांत जाऊन थांबली.

त्यानंतर जेवायचं कुणाला सुचणार? शुभदाने दोन्ही मुलांना उराशी धरलं आणि अजितकडे न बघता एवढंच म्हणाली, "माझ्या घरात? मला न सांगता?" ती मुलांना घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली. बाकीचेही डबे उचलून निघाले. अजितशी कुणी बोललं नाही. मी तर त्याच्याकडे बघितलं असतं तर हात उचलला असता. मीनाने, माझ्या बायकोने, केतकीला गाडीत घातलं आणि मला म्हणाली, "काकांना ड्राइव्ह करू देऊ नका. त्यांचे हात बघा." काकांची किल्ली गाडीच्या कुलपात काही केल्या लागत नव्हती. मी त्यांच्या गाडीत बसलो आणि गाडी हायवेला घातली.

काका मागे जाणारे एक्झिट बघत होते. मग म्हणाले, "गाडी वळव."

"का? काही राहिलं का?"

"अजित एकटा आहे घरात. आणि ती बंदूक पण घरातच आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणालो, "राहू दे एकटा. काका, माझी पोरगी होती तिथे. त्याचं थोबाड फोडायचंय मला."

"फोड ना. पण उद्या फोड. आज त्याला एकटं ठेवायचं नाही."

मी गाडी वळवली नाही. रागच तेवढा होता. तेव्हा काका समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले.

"सुमन गेली ना, त्यानंतर मी पण एक घेतली होती. दुकानात त्या माणसानं ड्रायव्हिंगचं लायसन पाहिलं, सही घेतली आन् म्हणे, हॅव अ ग्रेट डे. चोरासाठी नव्हती घेतली मी. तुला समजून राहिलं ना?"

मी मान हलवली.

"घरी आणली. डबा डायनिंग टेबलवर ठेवला आन् समोर बसलो. तेवढ्यात फोन वाजला. एक पोरगी होती, फोन कंपनीचा लाँग डिस्टन्सचा प्लॅन विकणारी. म्हणे, हाऊ आर यू टुडे, सर? हे लोक सगळ्यांनाच विचारतात, मला माहीत आहे. पण सुमन गेल्यावर मला कोणी विचारलंच नव्हतं, तं मी सांगून टाकलं. सगळं सांगितलं. सुमन कशी होती, काय झालं, समोर टेबलवर काय आहे. बिचारी पोरगी, तिला प्लॅन विकायचा होता. पण तिनं फोन ठेवला नाही. ऐकत राहिली. मधातच रडली पण. मग मी तिचा प्लॅन घेतला. फार महाग आहे, अजून तोच चालू आहे. आन् तसाच उठून त्या दुकानात जाऊन ती वापस देऊन आलो."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "लोकांना वाटते मी पोरांसाठी विचारतो. पोरांसाठी तं आहेच. पण घरात मोठी माणसं पण राहतात ना."

पुढच्या एक्झिटला मी उतरलो आणि गाडी वळवली. राग होताच, पण आता त्याच्यापेक्षा भीती जास्त होती. काका एवढंच म्हणाले, "जरा जोरात चालव."

दार लोटलेलंच होतं. अजित हॉलमध्ये जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. कार्पेटवरच्या पुऱ्या तशाच पडलेल्या. आम्हाला बघून तो उठला नाही. "वरच आहे," तो म्हणाला. "माझ्याच्याने हात लाववत नाही. काका, मी तुमच्याशी खोटं बोललो." त्याचा तो मोठा आवाज नव्हताच.

"राहू दे वर. पोलीस स्टेशनला फोन करू, ते नेतील येऊन." काकांनी मला फोन दाखवला. मी नंबर फिरवला आणि जमेल तेवढ्या शांत आवाजात सांगितलं. ते माणूस पाठवतो म्हणाले.

तोवर काका स्वयंपाकघरात जाऊन आले होते. त्यांनी एका ताटात वरणभात, बटाट्याची भाजी आणि स्वतःची सांभारवडी वाढून आणली, ताट अजितच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. मी समोर जमिनीवर बसलो. अजितने भाताला हात लावला नाही.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ, टेलिफोनवरच्या इंग्रजीत विचारलं, "हाऊ आर यू टुडे, सर?"

अजितला काही कळलं नाही. तो म्हणाला, "अं?"

"सांग," काका म्हणाले. "मला वेळ आहे."